आईच्या टाचा

मालवीय नगरच्या आमच्या सोसायटीत आज जमिनीखालची पाण्याची टाकी उघडली. लेक आत डोकावायला धावली, मी तिला मागे ओढलं, आणि तो शेवाळाचा वास नाकात शिरला. लहानपणी पाहिलेल्या पन्ना मीना कुंडाचा.

बाबांची बदली होऊन आम्ही जयपूरला नुकतेच आलो होतो. मी सात वर्षांची. आमेरच्या किल्ल्याची तिकिटं परवडेनात, म्हणून बाबांनी आईला आणि मला जवळचीच ही पायऱ्यांची विहीर फुकटात दाखवायला नेलं. मी धावत खाली उतरले, तसा वरून चौकीदार हसत ओरडला, "बेटा, जिस सीढ़ी से उतरे, उससे चढ़ नहीं पाते!"

मी वळून पाहिलं. जिकडेतिकडे सारख्याच पायऱ्या, आणि खाली हिरवं, गप्प पाणी. माझी पायरी कुठली? पाय उचलेना.

मग आई आली, बसत बसत, एकेक पायरी उतरत. तिने माझा हात घट्ट धरला. "पाण्याकडे बघू नकोस. माझ्या टाचांकडे बघ आणि चढ."

वर पोचेपर्यंत त्या भेगाळलेल्या टाचा डोळ्यांपुढे लटपटत होत्या. मीच घाबरलेय म्हणून तसं दिसतंय, असं तेव्हा वाटलं.

मघाशी लेकीला ओढल्यापासून माझ्या हातांचा कंप अजून थांबलेला नाही. त्या टाचा खरंच थरथरत होत्या.