डाव्या बैलाचा पाय

शंकरपटात आपली बैलजोडी जिंकायला लागली की माणसाला सगळं जग चोर वाटू लागतं. माझं तसंच झालं. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत, समुद्रपूर भागात शर्यतीचे बैल तयार करावेत ते मीच, असं लोक म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटायचं. आर्वीकडून गवळाऊ जातीचे गोऱ्हे आणायचे, दोन वर्षं नांगरलेल्या रानात पळवायचे, आणि तिसऱ्या वर्षी गुलाल आपलाच.

नाव झालं तसा स्वभाव मात्र कुजका होत गेला. सरकी मीच भिजवायची, पाणी मीच शेंदायचं. कोणी बैलाचं कौतुक केलं की आधी त्याच्या हातात काय आहे ते पाहायचो. एका दिवाळीला घरच्या जावयानं बैलाला प्रेमानं गूळ चारला, तर मी बैलाच्या तोंडात हात घालून तो काढला. जावई पुढं तीन वर्षं आमच्याकडे जेवला नाही.

संशयाबाहेर एकच माणूस होता, छकड्यावर बसून माझी जोडी हाकणारा धुरकरी. आठ वर्षांत त्यानं बैलाला कधी तुतारी, ती खिळ्याची काठी, टोचली नाही. नुसता जिभेनं टकटक आवाज करायचा. दर पटाच्या आधी तो जुवाला कपाळ लावायचा, नारळ फोडायचा. गावाबाहेरच्या वस्तीतला तो. मला 'पाटील' म्हणायचा आणि माझ्या ओट्याखाली उभा राहायचा. मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

मग एका दसऱ्याला तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. त्या हिवाळ्यातल्या पहिल्या पटाला मी नारळ पुढं केला, तो त्यानं घेतला नाही.

"मी हे सोडलं, भाऊ. बैल मी हाकतो, नारळ तुमी फोडा."

भाऊ! आठ वर्षांत पहिल्यांदा. नारळ नाकारल्याचं जेवढं लागलं नाही, तेवढं त्या एका शब्दाचं लागलं. हा आता आपला राहिला नाही, मग कोणाचा झाला? आणि नेमकं त्याच पटात मी पाहिलं, शेवटी शेवटी त्यानं डाव्या बैलाचा कासरा खेचला. जोडी हरली. कुठंतरी पाणी मुरतंय, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं. एकदा हे ठरलं की पुराव्याला काय तोटा! समोरच्या जोडीवाल्याच्या माणसांत बसून तो चहा प्यायला, हा पुरावा. त्यांच्याशी हसला, हाही पुरावाच.

गिरडजवळच्या पटाच्या सकाळी तो माझ्याकडे आला.

"डाव्याचा मांगचा पाय दुखून राह्यला, भाऊ. आज त्याले बसवा."

"तुले कोनं सांगतलं?"

"त्यानंच. मांगच्या पटात म्हनूनच आवरलं त्याले."

मी खूर उचलला खरा, पण पाहत होतो धुरकऱ्याच्या तोंडाकडे. "काई नाई झालं. कोनं शिकवून पाठवलं तुले? आज छकड्यावर तू नाई."

दुसरा धुरकरी बसवला. अर्ध्या वाटेत डावा बैल मागच्या पायावर खाली बसला तो उठेना. गर्दीतून पहिला धावून आला तो माझा जुना धुरकरीच. त्यानं जू काढलं, खूर मांडीवर घेतला आणि फटीतून बाभळीचा काटा उपसला. मागोमाग पू आला. काटा बऱ्याच दिवसांचा होता, आंधळ्यालाही कळलं असतं.

"कसं झालं हो पाटील?" कोणीतरी विचारलं. सगळे माझ्याकडे पाहत होते. एवढा मोठा बैलांचा जाणकार, आणि याला खुरातला काटा दिसला नाही?

"आता कोनं काय केलं, कोन सांगनार?" मी म्हणालो आणि त्याच्याकडे पाहिलं. तेवढंच. लोकांच्या माना तिकडे वळल्या. त्यानं काटा जमिनीवर ठेवला, हात पुसले आणि गर्दीतून निघून गेला.

पुढं त्याला कोणीच जोडी हाकायला दिली नाही. मला माझी लाज वाटायची. रात्रंदिवस वाटायची म्हटलं तरी चालेल. पण चारचौघांत खरं सांगायला तोंड काही उघडलं नाही. त्याच वेळी सांगून टाकलं असतं, तर त्याचं नाव वाचलं असतं. मी माझं वाचवलं.

दोन वर्षांनी नालवाडीजवळ तो भेटला, कोणाच्या तरी कापसाच्या बंडीवर. माझ्या बंडीला तोच डावा बैल होता, आता साध्या शेतीकामाचा. तो खाली उतरला, जिभेनं टकटक केलं. बैलानं कान टवकारले. धुरकऱ्यानं त्याचा मागचा पाय उचलला, खूर निरखून पाहिला, बोटानं दाबून पाहिला. मी 'माझं चुकलं' म्हणायला कसंबसं तोंड उघडलं.

"पाय बरा झाला, पाटील," तो म्हणाला आणि आपल्या बंडीवर जाऊन बसला.