सूर्याची रांग

तोरगुनबाईंनी आयुष्यभर फेरीबोटीवर तिकिटं फाडली. निवृत्त झाल्यापासून त्या दर मंगळवारी गावच्या वाचनालयात बाहेरून आलेल्यांना नॉर्वेजियन शिकवतात. शिकवतात म्हणजे कॉफी ओततात आणि बोलायला लावतात.

त्यांची पद्धत एकच. टेबलावर एक शब्द टाकायचा, प्रत्येकाने त्याला शेपूट जोडायचं. आमच्या नॉर्वेजियन भाषेत दोन शब्द शेजारी बसवले की तिसरा तयार, कुणाची परवानगी लागत नाही. सूर्य म्हणजे सूल. त्याला भिंत जोडली की सूलवेग, घराची ऊन खाणारी बाजू. चष्मा जोडला की गॉगल. पाव जोडला की सूलबोले, म्हणजे हिवाळ्याच्या लांबलचक अंधारानंतर सूर्य परत येतो त्या दिवशीचा जॅम भरलेला गोड पाव. जोडलेली गोष्ट स्वतः पाहिलेली हवी, एवढीच बाईंची अट.

सेमहार एरिट्रियाची, इथल्या वृद्धाश्रमात कामाला. तिला सगळं समजायचं, पण पाळी आली की ती शेजाऱ्याकडे बोट दाखवायची. जानेवारीत तिने बाईंना हळूच सांगितलं, की ओस्लोत काम मिळतंय, सोमवारपर्यंत कळवायचंय. इथे अंधार आहे आणि आपलं असं कुणी नाही. बाई नुसत्या बरं म्हणाल्या. नंतर मात्र शेजारी आमच्या स्वयंपाकघरात येऊन रडल्या. इतके मंगळवार गेले आणि आपल्याला त्या पोरीला बोलतं करता आलं नाही, हे त्यांना लागलं होतं. थांब म्हणून सांग ना तिला, असं माझी आई म्हणाली.

"बोटीवर मी कधी कुणाचा हात धरून ठेवला नाही," बाई म्हणाल्या. "ज्याला उतरायचंय त्याला उतरू द्यावं."

शनिवारी सूर्य यायचा होता. दोन डोंगरांच्या खिंडीत तो जेमतेम दिसतो, आणि तेही टेकडीवरच्या चर्चच्या भिंतीलगतच्या अरुंद वाटेवरूनच. त्यामुळे सगळं गाव तिथे एकामागे एक उभं राहतं. सूर्य दिसल्याशिवाय पाव खायचा नाही, असा आमचा नियम. शनिवारी ढग होते. पाव डब्यात घालून सगळे घरी गेले.

रविवारी पुन्हा तेच. बाईंनी पावाचा डबा धरायला म्हणून सेमहारला सोबत आणलं होतं. पुढे बेकरीवाला एगिल उभा होता.

"एगिल, मिशीला काय लागलंय?" बाईंनी विचारलं.

"बर्फ."

"लाल? स्ट्रॉबेरीचा बर्फ पडला वाटतं तुझ्याकडे."

सेमहारला हसू आवरेना. तिने रांगेवरून नजर फिरवली. सगळे हातभर अंतर राखून, थर्मास कवटाळून, ढगाकडे बघत गप्प उभे होते. ती म्हणाली, "सूलक्यो." सूर्याची रांग.

असा शब्द आहे का, असं एगिलने विचारलं.

"आता आहे," बाई म्हणाल्या.

शब्द तोंडातोंडी रांगेच्या टोकापर्यंत गेला आणि हशा परत आला. मग सेमहारला थांबवणंच कठीण झालं. "आमच्याकडे रांगेत भांडणं होतात, लग्नं जुळतात," ती म्हणाली. "तुमच्या रांगेत कुणी नावसुद्धा विचारत नाही."

एगिल ओशाळला. त्याने हातमोजा काढून हात पुढे केला आणि नाव सांगितलं, जसं काही ती रोज त्याच्याकडून पाव नेतच नव्हती. मागच्यांनीही तेच केलं. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या आईवडिलांना ती वृद्धाश्रमात रोज भरवत होती. ढग काही हटला नाही, पण कुणी घरी जाईना.

टेकडी उतरताना बाईंना राहवलं नाही. "ओस्लोला काय कळवलंस?"

"अजून काहीच नाही. बाई, रांगेतला नंबर सोडून कोण जातं?"

सोमवारी खिंडीत सूर्य आला. पाव दगडासारखे झाले होते, तरी सगळ्यांनी खाल्ले. सेमहारने ओस्लोला फोन करून नकार कळवला तो तिथूनच, तोंडात घास असताना. पलीकडच्या माणसाला तिला तो तीनदा सांगावा लागला.