रंगाचं पुरळ नव्हतं ते

लेकराच्या अंगावर लाल पुरळ दिसलं की तुमच्या तोंडून पहिलं काय निघतं? उष्णता, नाहीतर काहीतरी चावलं. मग निळ्या वहिनीला नावं ठेवू नका.

वहिनी कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला. दोन्ही हात कोपरापर्यंत निळे, म्हणून हे नाव. नवरा पळाला तेव्हा थोरली नुकती चालायला लागली होती आणि धाकटा पोटात होता. बाईने कपाळाला हात लावला नाही. बाळंतपणातून उठली ती थेट रंगाच्या कढईपाशी. तापलेली कढई सोडून उठलं की कापडावर डाग पडतात, म्हणून थोरलीची लस राहिली ती राहिलीच. लस देणाऱ्या बाया नेमक्या कामाच्या वेळी यायच्या. गरिबांना सगळे कामाच्या वेळीच भेटायला येतात.

रंगाऱ्यांच्या घरात पुरळाचं कुणाला काय? कच्चा रंग लागला की खाज सुटते, तेल चोळायचं, कामाला लागायचं. त्यामुळे थोरली तापली, खोकू लागली, डोळे लाल झाले, नाक गळू लागलं आणि मग कानामागून पुरळ निघून तोंडावर, पोटावर उतरलं, तेव्हा वहिनी तेलाची बाटली घेऊन बसली.

मी कारखान्यातल्या बायांची संघटना चालवते, वहिनीच्या घरी जाणं-येणं. म्हटलं, “वहिनी, गोवर आहे हा. धाकट्याला लांब ठेव.”

“ताई, तुम्ही मोर्चे काढा. पुरळ मला नका शिकवू. माझ्या साडीचा रंग झोंबलाय तिला.”

“रंग जिथे लागतो तिथे उठतो. कानामागे साडी नेसवलीस का तिला? आणि ताप आधी आलाय.”

तिने तेलाची बाटली बाजूला ठेवली. मग म्हणाली, “एवढ्याशा खोलीत लांब कुठे ठेवू? खुंटीला टांगू?”

तशीही वेळ गेली होती. पुरळ दिसायच्या आधीपासूनच गोवर खोकल्यातून पसरतो, आणि दोन्ही पोरं एकाच पांघरुणात झोपायची.

थोरलीचं पुरळ काळपट पडलं, ताप उतरला, ती भांडी वाजवत खेळू लागली. तोवर धाकटा तापला. त्याचं तर गोवराच्या लसीचं वयही झालं नव्हतं. या वेळी वहिनीने त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि बजावलं, श्वासावर लक्ष ठेवा. त्याचंही पुरळ निघून मावळू लागलं तशी बाई जरा हसली.

पण ताप पुन्हा चढला. पोर दूध ओढेना.

वहिनी मुकादमाकडे सुट्टी मागायला गेली. तो म्हणाला, “पुरळ गेलं ना? मग गोवर गेला. कढई तापलीये, चल.”

तिने विश्वास ठेवला, कारण तिलाही तेच हवं होतं. पोराला कापडाच्या गठ्ठ्यावर निजवलं आणि ती कामाला लागली. संध्याकाळी मी कारखान्यात जाऊन बघितलं तर पोराचा श्वास भात्यासारखा चाललेला, बरगड्यांखाली खड्डा पडत होता. आम्ही त्याला उचलून धावलो. मोठ्या दवाखान्यात प्राणवायूची नळी लावली, पण गोवर छातीत उतरून न्यूमोनिया झाला होता. उजाडायच्या आत पोर गेलं.

मुकादमाने एक दिवसाची रजा दिली. वर म्हणाला, “देवाची मर्जी.” त्याला मी काय बोलले ते इथे छापता येणार नाही.

वहिनी अजून कढईपाशीच आहे. जाणार कुठे?

तुमच्याकडे एकच मागते. पुरळ मावळलं म्हणून पाठ फिरवू नका. लेकराचं झबलं वर करा आणि श्वास बघा. भरभर चालला असेल, छाती आत ओढली जात असेल, तर समोर कोणाची कढई तापली आहे ते न बघता उठा आणि दवाखाना गाठा.