पाटल्या त्याच्या नावावर

आईच्या पाटल्या सोडवायला ज्याची सही लागत होती, त्याच्याशी मी चार महिने बोललेले नव्हते.

चूक दोघांची होती. सावेडीत एकत्र राहायला फ्लॅट घेतला तेव्हा डिपॉझिट आणि फ्रिज-पलंगासाठी रोख हवी होती. आई जाऊन जेमतेम सहा महिने झाले होते. तिच्या पाटल्या माझ्याकडे होत्या. पतसंस्थेत सोनं तारण ठेवायला सभासद असावं लागतं. तो होता, मी नव्हते. माझा अर्ज मंजूर होईपर्यंत घरमालक थांबला नसता. ‘‘तुझं-माझं काय त्यात?’’ तो म्हणाला. कदाचित मीच आधी म्हणाले असेन. घराचा करारही त्याच्याच नावावर झाला. मालकाला आम्ही नवरा-बायको असल्याचं सांगितलं होतं, त्यामुळे सगळे कागद नवऱ्याच्या नावावर असण्यात कुणालाच वावगं वाटलं नाही. मलाही नाही, एवढी पुस्तकं वाचून.

वेगळे झालो तेव्हा मालकाने डिपॉझिट त्याला परत केलं. निम्मं कर्ज अजून बाकी होतं. महिनाअखेरपर्यंत न भरल्यास दागिन्यांचा लिलाव होईल, अशी नोटीस त्याच्या पत्त्यावर आली. त्याने मला फक्त नोटिशीचा फोटो पाठवला.

आम्ही पतसंस्थेतच भेटलो. तारण विभागातला कारकून आम्हाला ओळखत होता. ‘‘या वहिनी! लई दिवसांनी.’’

कारकुनाकडे न बघताच त्याने मोबाईलमध्ये यादी उघडली. ‘‘तू गेल्यावर दोन महिन्यांचं भाडं मी एकट्याने भरलं. रंगाचे मालकाने कापले. टँकरचे. इन्व्हर्टरची बॅटरी.’’

‘‘बॅटरी तर तू घेऊन गेलास.’’

‘‘जुनी झाली होती ती.’’

‘‘मग माझ्या वाट्याला नवीचा भाव कसा?’’

त्याने यादी अंगठ्याने वर सरकवली. ‘‘डिपॉझिटमधले तुझे सहा हजार निघतात. ते घे आणि कर्जाचे बाकीचे तू भर. पाटल्या तुझ्याच आहेत ना?’’

‘‘कर्ज दोघांचं होतं.’’

‘‘कागदावर माझं आहे. मी सहीच नाही केली तर?’’

त्याचा आवाजही चढला नाही. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. त्या कर्जातून घेतलेल्या फ्रिजचं पाणी तो रोज पीत होता, हे मला तेव्हा म्हणता आलं असतं. वाक्य तयार होतं. पण माझी वाक्यं नेहमी तोंडाशी येऊन बसतात आणि समोरचा उठून जाईपर्यंत उठत नाहीत.

‘‘साहेब, भांडण घरी करा की,’’ कारकून म्हणाला. ‘‘माझा डबा न्हाई झाला अजून.’’

घरी! मी सगळी रक्कम व्याजासकट भरली. पगारातून साठवलेले संपले. कारकुनाने सीलबंद पाकीट आणलं, आमच्यासमोर फोडलं, पाटल्या वजन करून दाखवल्या. ‘सोनं मिळालं’ या ओळीखाली कर्जदार म्हणून त्याने सही केली, मी नाही. नियमाप्रमाणे पाकीट त्याच्या हातात गेलं. त्याने ते लगेच माझ्याकडे दिलं नाही. खिशातून कोरा कागद काढला.

‘‘देणंघेणं काही उरलं नाही, एवढं लिही. उगाच नंतर कटकट नको. तुझं अक्षर छान आहे.’’

कागद फाडावासा वाटला. पण पाकीट त्याच्या हातात होतं. मी उभ्यानेच काउंटरवर लिहिलं. तरी ओळी सरळ आल्या. याचाही राग आला. शिक्षकांनी, आईने, सगळ्यांनी मला सुवाच्य लिहायला शिकवलं. आरडाओरडा करायला कुणी शिकवलं नाही.

सही केल्यावर पाकीट मिळालं. मी तिथेच, दोघांसमोर, दोन्ही पाटल्या हातात चढवल्या. त्या मला घट्ट होतात. डाव्या अंगठ्याखाली सोललं. मग रिक्षाने कॉलेजात गेले. संध्याकाळपर्यंत ग्रंथालयात पुस्तकं देता-घेता त्या टेबलावर खणखण आपटत होत्या. मुलं वाचता वाचता मान वर करून बघत होती. एरवी मीच त्यांना शांत बसायला सांगते. त्या दिवशी मी पाटल्या काढल्या नाहीत.