हॉलमधलं चिनी झाड

चिनी व्यायामामुळे मोडलेलं मुलुंडमधलं पहिलं दार आमचं आहे. (आधी दुसऱ्या कुणाचं मोडलं असेल तर त्यांनी जरूर येऊन सांगावं. चहा देईन. मोडलं नसलं तरी यावं.)

आमचे हे गेल्यापासून मी या घरात एकटी राहते. हे तसे अबोल होते, पण अबोल माणूससुद्धा घरात केवढा आवाज करतो हे तो गेल्यावर कळतं. खाकरणं, पेपर चाळणं, चपला शोधणं... ते सगळंच थांबलं. मी टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला "हो का? मग काय झालं?" असं विचारायला लागले. ती काही थांबून सांगायची नाही, पण निदान माझ्याकडे बघून बोलायची!

मुलगा निखिल बंगलोरला. त्याचा रोज एकच धोशा. "आई, फ्लॅट भाड्याने दे आणि इकडे ये."

"मी मजेत आहे रे!"

"ठीक आहे. पण एकदा जरी काही झालं ना, तर मी येऊन तुला उचलून आणणार. मग तुझं काहीही ऐकणार नाही."

मजेत वगैरे मी मुळीच नव्हते. पण बंगलोरला विसाव्या मजल्यावर दिवसभर खिडकीतून ढग बघत एकटं बसायचं, त्यापेक्षा इथे निदान भाजीवाला मला नावाने ओळखतो! एकटंच पडायचं तर ओळखीच्या ठिकाणी पडावं, एवढाच माझा हट्ट होता. तेव्हा काहीही करून "काही होऊ" द्यायचं नव्हतं.

त्यात डॉक्टरांनी बीपी वाढलंय म्हणून सांगितलं, वर "तोल सांभाळा, या वयात पडलात तर महागात पडेल" असा दम भरला. निखिलने लगेच एक व्हिडिओचा कोर्स पाठवला. चीगाँग! ची म्हणजे आपल्याकडचा प्राण म्हणा ना, आणि गाँग म्हणजे सराव. सावकाश हात वर, सावकाश खाली, श्वास लांब. शिकवणारे एक म्हातारे चिनी गुरुजी, पांढऱ्या कपड्यातले. पहिल्या दिवशी मला वाटलं नेटवर्क गेलंय म्हणून चित्र अडकलंय. तर नाही, ते हातच वर करत होते!

पण खोटं कशाला बोलू, फरक पडला. झोप लागायला लागली. आणि भिंत न धरता, एका पायावर उभं राहून मला सलवार घालता यायला लागली. (ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांनाच या पराक्रमाची किंमत कळेल.) तरी मी रोज करत होते ते बीपीसाठी नव्हे. धडा संपला की गुरुजी हात जोडायचे, हसायचे आणि इंग्रजीत म्हणायचे, "उद्या भेटू, हं." मला दिवसभरात "उद्या भेटू" म्हणणारे तेवढे एकच होते.

आता दुधाच्या पिशवीचं सांगते. आमच्या मजल्यावर शेजारची सुमन राणे आणि मी यांच्यात एक न बोललेला करार आहे. दूधवाला दाराला अडकवलेल्या पिशवीत दूध टाकून जातो. सुमन नातवाला शाळेच्या बसवर सोडायला निघते तेव्हा माझी पिशवी उचललेली दिसली की मी जिवंत! ती बेल वाजवत नाही, मी हाक मारत नाही. पिशवी बघते आणि जाते. माझ्या हयातीचा दाखला रोज असा दाराबाहेरच निघतो.

त्या दिवशी गुरुजींनी नवा धडा काढला, झाडासारखं उभं राहण्याचा. गुडघे किंचित वाकवायचे, दोन्ही हात पुढे गोल करून मोठी घागर कवटाळल्यासारखे धरायचे, डोळे मिटायचे, जीभ टाळूला लावायची आणि उभं राहायचं. हलायचं नाही! गुरुजी म्हणाले, मन लावून केलंत तर तळहातांत ऊब येईल, कुणीतरी हात हातात घेतल्यासारखी. मी म्हटलं, हा धडा आपला! त्या उत्साहात दूध आत घ्यायचं राहिलं. दाराला आतून कडी. धडा आधीच फोनमध्ये डाउनलोड केलेला, मधे कुणाचा फोन नको म्हणून तो फ्लाइट मोडवर. कानात निखिलने दिलेली बिनवायरची बोंडं. आणि मी हॉलमध्ये टीव्ही आणि फ्रिजच्या मधे झाड होऊन उभी.

पुढचं मला नंतर कळलं, प्रत्येकाकडून वेगळं.

सुमनने पिशवी पाहिली. नातवाला सोडून परत आली, पिशवी तिथेच. बेल वाजवली. दार बडवलं. फोन केला, लागेना. माझी एक चावी तिच्याकडे असते, ती लावली तर आतून कडी. मग तिने निखिलला फोन करून शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं, "निखिल, घाबरू नकोस हां, आई दार उघडत नाहीये, फोन बंद आहे आणि दूध बाहेर आहे रे!" त्यानंतर तो घाबरला नसता तरच नवल.

एवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी धुरी धावले. हे मूळचे मालवणचे, पंचेचाळीस वर्षं मुंबईत आहेत, पण घाबरले की थेट गावी पोचतात. ते समोरच्या विंगच्या जिन्यात गेले, माझ्या खिडकीतून डोकावले आणि तिथून फोनवर ओरडले, "सुमन, वैनी उभी आसा!"

"उभी? मग दार का नाही उघडत?"

"हलणा नाय गो! हात फुडे धरलेत, डोळे मिटलेले! फ्रिजच्या बाजूक! अगो, करंट लागलो हा!"

झालं! धुरींनी खाली धाव घेतली आणि आमच्या विंगचा मेन स्विच पाडला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली, आत देवळातून परतणारे शहाभाई. ते आतून "अरे, कोई है?" करून ओरडायला लागले. त्यांच्या सुनेला वाटलं भूकंप आला, ती खाली पळत सुटली. तिच्यामागे वरचा अख्खा मजला.

आणि इकडे मी? पंखा बंद पडला. मला घाम फुटला, तळहात गरम झाले. मी मनात म्हटलं, आली! ची आली! गुरुजी, तुमचे उपकार कसे फेडू!

तेवढ्यात दार मोडलं. धुरी आणि वॉचमनने खांदे लावले. ("तरुणपणी कबड्डी खेळायचो," असं धुरी अजून सगळ्यांना सांगतात.) कानात बोंडं असूनही धडाम मला ऐकू आलं, पण गुरुजींची सक्त ताकीद होती: झाड एकदम मोडायचं नाही, ची आधी बेंबीपाशी गोळा करायची. मी शिस्तीत गोळा करायला लागले.

"हात नका लावू कुणी!" धुरी ओरडले. "लाकूड! लाकडाने हाणा!"

सुमन शेजारी आपल्या घरात धावली आणि ओट्यावरचं लाटणं घेऊन आली. तिने देवाचं नाव घेतलं आणि माझ्या मनगटावर असं हाणलं की गोळा केलेली ची परत चीनला गेली!

"आई गं!" मी डोळे उघडले.

"बोलली! बोलली!" सुमन रडायलाच लागली आणि लाटण्यासकट माझ्या गळ्यात पडली. "नीले, मेले, मला वाटलं गेलीस तू!"

हॉल माणसांनी भरला होता. यांच्या तेराव्यानंतर एवढी माणसं या खोलीत मी पहिल्यांदाच बघत होते. कुणी पाणी आणलं, कुणी माझे तळवे चोळत होतं. मनगट ठणकत होतं, तरी मला इतकं बरं वाटत होतं की लाज वाटली. आणि डोक्यात पहिला विचार काय आला, तर एवढ्या जणांच्या चहाला दूध पुरणार नाही! (शहाभाईंची आठवण कुणालाच राहिली नाही. ते चहा झाल्यावर बाहेर आले.)

संध्याकाळी निखिल विमानाने दाखल. "आई, बॅग भर."

"अरे, मला काही झालं नाही. मी व्यायाम करत होते. तूच पाठवलास ना?"

"काही नाही? दार मोडलंय आई! उद्या खरंच काही झालं तर? मला तिकडे झोप लागत नाही गं." त्याचा चेहरा बघून माझ्याच्याने वाद घालवेना. मी खरंच साड्या काढल्या. भाजीवाल्याला काय सांगायचं ते मनात जुळवत होते आणि रडू येत होतं.

सुतार काही त्या दिवशी उगवला नाही. दार नुसतं लोटलेलं. त्यामुळे सकाळी कुणालाच बेल वाजवायची गरज पडली नाही. पहिले धुरी आले, आदल्या दिवशी चहाबरोबर माझ्याकडून चीगाँगची महती ऐकलेले. "वैनी, गुडघ्यांका चालात काय ह्या?" मग सुमन आली, "मला झोप लागत नाही गं, दाखव ना मला पण." मागोमाग शहाभाई, त्यांची सून आणि वरच्या मजल्यावरच्या दोघी. निखिल दात घासत बाहेर आला, तर हॉलमध्ये सगळे हातात न दिसणारी घागर धरून उभे आणि त्यांच्या पुढे त्याची आई!

त्याने एकेक डोकं मोजलं. मग हळूच म्हणाला, "तू इथे एकटी राहतेस ना?" आणि ब्रश तोंडात तसाच ठेवून माझी बॅग परत माळ्यावर टाकून आला. जाताना त्याने सुताराला बजावलं, दाराला आतून कडी लावायची नाही.

तेव्हापासून रोज सकाळी माझा हॉल भरतो. बीपी उतरलंय, डॉक्टर खूश आहेत. पण माझी अक्कल बघा! बोलायला माणूस नाही म्हणून मी झुरत होते. देवाने हॉलभर माणसं धाडली, तर मी त्यांना पहिला नियम काय शिकवला? जीभ टाळूला लावा! सगळे डोळे मिटून गप्प उभे राहतात, आणि झालं की ज्याला त्याला कामाची घाई. सुमन दारातून "उद्या भेटू गं" म्हणते तेवढंच.

डोळे अजिबात उघडायचे नाहीत, असं मी सगळ्यांना दरडावून सांगते आणि स्वतःचे टक्क उघडे ठेवून एकेकाकडे बघत उभी राहते. गुरुजी म्हणतात, डोळे उघडे ठेवले की ची गळते.

गळू दे मेली!