लवू हडकराचा पदर

लवू हडकर लुगडं नेसून रंगात उतरला की समोर बसलेल्या बायका नकळत आपला पदर सारखा करीत, असं धामापूरपासून आरोंद्यापर्यंत लोक सांगत. आबांच्या दशावतारी कंपनीत तो स्त्रीपार्टी होता, म्हणजे राण्या, राजकन्या, शापित अप्सरा सगळ्या त्याच्याच. १९५३ साली त्याचं वय सव्वीस होतं. अंगाने शेलाटा, गळा गोड, आणि बोलणं असं की राणी रडायला लागली की मागे पान खात बसलेले पुरुषही गप्प होत. दशावतारात संवाद कुणी लिहून देत नाही. दुपारी आबा कथा सांगत, कोण काय होणार ते ठरे, आणि पुढचं जो तो तोंडाने घडवी.

कंपनीच्या पेटाऱ्यात रंग, मुकुट, तलवारी असत. लुगडी नसत. ज्या गावात जत्रा, तिथल्या घरांतून ती मागून आणायची. लवू दारात आला तर सासवासुद्धा लग्नातला शालू काढून देत.

त्याच वर्षी दिवाळीनंतर त्याची धाकटी बहीण सुगंधा आरोंद्याहून परत आली. सासऱ्याने तिला एका गाठोड्यासकट होडीत बसवून दिलं होतं. तिच्या डाव्या हातावर फिकट चट्टा होता. चुलीतल्या निखाऱ्याने बोट पोळलं तरी तिला कळलं नव्हतं. महारोग, लोक म्हणाले. आठ दिवसांत गावच्या पंचांनी तिला खाडीपलीकडच्या कातळावर धाडलं. तिथे झावळ्यांच्या चार खोपींत सहा माणसं आधीच राहत होती. सुगंधा सातवी.

आईबाप वारले होते. लवू पंचांना एक शब्द बोलला नाही. गाठोडं त्यानेच उचलून नेलं, ती खोपीत शिरल्यावर घरी आला आणि दोन्ही हात राखेने घासत बसला. ते हात घासणं त्याला पुढे जन्मभर विसरता आलं नाही.

आधी तो आठवड्यातून एकदा तांदूळ नेऊन लांबच्या दगडावर ठेवी. मग एकदा बघितलं, तर सुगंधाने त्याचे सात वाटे केले होते आणि तिच्या वाट्याला मूठभर आले होते. बाकीच्यांच्या घरच्यांनी केव्हाच पाठ फिरवली होती. पाय नसलेला धोंडू म्हातारा तांदूळ कच्चेच चावत होता.

"लाकडा नाय रे," सुगंधा म्हणाली. "भिजली सगळी. तू आत येव नको."

लवू आत गेला. तिथे बसून त्याने चूल पेटवली.

त्या महिन्यात धामापूरला भगवतीच्या जत्रेत वनवासाला निघालेल्या राणीचा प्रवेश होता. लवू रंगात उभा राहिला आणि आबांनी सांगितलेलं सगळं बाजूला राहिलं. तो थेट माणसांत उतरला. पदर पसरून म्हणाला, "मायबाप, या वनात माझी सात लेकरं उपाशी आहेत. ज्याच्या घरी जे असेल ते या पदरात घाला." बायका घरी जाऊन तांदूळ, नारळ, सुके बांगडे, जुनी पातळं घेऊन आल्या. पदर भरला, मग पेटारा भरला. लोकांना वाटलं, हा खेळाचाच भाग. सकाळी ते सगळं कातळावर गेलं.

पुढे चार वर्षं गावोगाव राणीने पदर पसरला. त्या प्रवेशासाठीच लोक लांबून येत म्हणून आबाही काही विचारीत नसत. लेकरं कोण, हे लवूने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर कुणी कण्याही घालणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

१९५८च्या माघात ते बाहेर पडलं. खाडीवर तिसऱ्या-शिंपल्या काढणाऱ्या एका माणसाने लवूला धोंडूच्या जखमा धुताना पाहिलं, आणि त्याच दिवशी लवू गावातल्या गोदूबाईंकडून मागून आणलेला शालू नेसून राणी झाला होता. दुसऱ्या दिवशी गोदूबाईंनी तो शालू अंगणात जाळला. शेजारच्या बायका बघत उभ्या होत्या. त्या हंगामात लवूला एकाही दारी लुगडं मिळेना.

आबांनी त्याला देवळामागे बोलावलं. "लवू, माझी वीस माणसा ह्याच्यावर जगतत. तू थंय जाणा सोड, नायतर कंपनी सोड. मी तुका दोष देणत नाय."

"सोडतंय," लवू म्हणाला.

कातळावर जाणं सोडतंय, असा त्याचा अर्थ होता. दुसरं काही त्याला येत नव्हतं. ना होडी, ना शेत. राणी नसलेला लवू हडकर कोण, हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. आबांनी कुडाळहून दोन लुगडी विकत आणली आणि खेळ पुढे चालू झाले. लवू दीड महिना खाडीपलीकडे फिरकला नाही. रोज मनात म्हणे, शिमगा होऊ दे, मग काहीतरी करू.

शिमग्यानंतर तो गेला. कातळावर पाचच माणसं होती. धोंडू तापाने गेला होता, आणि नर्मदा नावाची एक विधवा त्याच्या आधी आठ दिवस. उचलायला बोटं धड असलेलं कुणी नव्हतं, म्हणून सुगंधाने दोघांना झावळीवर घालून ओढत नेऊन पुरलं होतं.

"कित्या नाय इलंस?" एवढंच तिने विचारलं.

त्याने खरं ते सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "जेवलंस?"

लवूने कंपनी सोडली ती त्या दिवशी. पेटाऱ्यातला आपला रंगाचा डबाही तो आणायला गेला नाही.

महारोगावर आता गोळ्या निघाल्यात, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. तो तालुक्याच्या दवाखान्यात गेला. कचेरीत शुद्ध बोलावं लागतं, आणि लवूला शुद्ध येत होतं ते फक्त राणीचं. तोंड उघडलं तर तेच बाहेर आलं. "महाराज, अनाथांवर कृपा करावी. मी आपल्या दारी आलेली..." कारकून खो खो हसला. लवू हलला नाही. दुपारपर्यंत तिथेच उभा राहिला. शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मालवणीतून विचारलं, "काय झाला तुका?"

गोळ्या होत्या, पण दर आठवड्याला कुणीतरी येऊन न्यायला हव्यात, आणि वर्षानुवर्षं. लवू दर सोमवारी सोळा मैल चालू लागला. जाणं आठ, येणं आठ. लोक त्याला वाटेवरून बाजूला व्हायला सांगत. गावात त्याला कुणी घागरभर पाणी भरू देईना, तेव्हा तो कातळावरच राहायला गेला.

१९६१च्या पावसात गोळ्या यायच्या बंद झाल्या. पाच आठवडे लवू रिकाम्या हाताने परतला. कातळावरच्या पार्वतीच्या पायाची जखम पुन्हा सडायला लागली. डॉक्टरांनी कोल्हापूरच्या इस्पितळाच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. लवू फोंडाघाटाला पोचला, तर वर दरड कोसळलेली, एसटी बंद. ट्रक तेवढे कसेबसे जात होते. त्याने ड्रायव्हरांना सांगितलं, औषध कुणासाठी ते. त्यांनी त्याला फळीला हातही लावू दिला नाही.

दोन दिवस तो बाजारातल्या एका पडवीत बसून राहिला. खोटं बोलला असता तर पहिल्याच ट्रकमध्ये बसला असता. तिसऱ्या दिवशी, भरबाजारात, त्याने पांघरायला आणलेलं सुगंधाचं लुगडं पिशवीतून काढलं आणि नेसलं. रंग नाही, गंगावन नाही, गालावर चार दिवसांची दाढी. माणसं हसायला लागली. लवूने पदर पसरला.

"हे लुगडं माझ्या बहिणीचं आहे. तिला महारोग आहे," तो म्हणाला. "चार वर्षं मी राणी होऊन तुमच्याकडून तांदूळ नेले. ते तिने आणि तिच्यासारख्यांनी खाल्ले. मी सांगितलं नाही, ते माझं चुकलं. आज मला काही नको. मला घाट चढायचा आहे."

हसणं थांबलं. बाजार मागे सरकला. बायकांनी पोरांना ओढून घेतलं. लवूने पदर खाली सोडला नाही. बऱ्याच वेळाने शिवा नावाचा एक ट्रकवाला पुढे आला.

"माझ्या आवशीन दोनदा तांदूळ घातले तुझ्या पदरात," तो म्हणाला. "ते त्यांकाच गेले?"

"होय."

शिवाने ट्रकची मागची फळी खाली पाडली. "मागे बस. ताडपत्री घे वयर."

लवू नवव्या दिवशी गोळ्या घेऊन परतला. पार्वती आदल्या संध्याकाळी गेली होती. उरलेल्या चौघांना त्याने गोळ्या दिल्या आणि तिच्यासाठी खड्डा खणला. या वेळी खणायला तो होता, एवढंच.

१९६६ साली डॉक्टरांनी लिहून दिलं की सुगंधा आणि आणखी दोघांचा रोग थांबला आहे, त्यांच्यापासून कुणाला धोका नाही. बोटं काही परत आली नव्हती. लवू तो कागद घेऊन पंचांकडे गेला. त्यांनी वाचला, एकमेकांकडे दिला, पुन्हा वाचला.

"कागद बरो आसा," त्यांतला एक जण म्हणाला. "पण लोक ऐकूचे नाय."

लवूने सुगंधाला कागद वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "दादा, मगे तू तरी घराक जा. तुका काय्येक झाला नाय."

"हयसर पावसात गळता," तो म्हणाला. "आधी ता बघूया."

त्या उन्हाळ्यात त्याने होडीतून जांभ्याचे चिरे आणले आणि सुगंधाची खोप मोडून तिथे भिंत घालायला घेतली. ती दोन्ही तळव्यांनी एकेक चिरा ढकलत त्याच्यापर्यंत आणीत होती.