दोन किलो तीनशे ग्रॅम तूरडाळ

चहा निवायच्या आत सांगून टाकतो, कारण हाच किस्सा आमची केतकी सांगते तेव्हा मी आहे त्यापेक्षा जास्त मूर्ख ठरतो. आहे तेवढा पुरेसा आहे.

मला एक लॅपटॉप घ्यायचा होता. बस, एवढंच! पंचवीस वर्षं मी डायरी लिहितोय. गेली अकरा वर्षं वेळही ठरलेली: बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली की दहा मिनिटं. मी तिथे तपासणी विभागात आहे, म्हणजे मोजमाप हाच माझा धंदा. पण अलीकडे माझं अक्षर मलाच लागेना. म्हटलं, आता टाइप करावं आणि जुन्या वह्यांचे फोटोही त्यातच साठवावेत.

केतकी मला मल्लेश्वरमच्या एका दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने तीन लॅपटॉप पुढे मांडले. पहिला एक किलो दोनशे ग्रॅमचा, वहीसारखा पातळ. किंमत ऐकल्यावर मी तो दोन्ही हातांनी खाली ठेवला. दुसरा सगळ्याच बाबतीत मधला. तिसरा दोन किलो तीनशे ग्रॅम, पण वेगवान, पडदा मोठा आणि किंमत पहिल्याच्या निम्मी.

वेग मी तिथेच तपासला. तिन्हींवर "आज सकाळी लवकर उठलो" असं टाइप केलं. तिन्ही लॅपटॉप सारखेच वेगवान निघाले, मागे पडली ती माझी बोटं. केतकी म्हणाली, "बाबा, पंचवीस वर्षांच्या वह्यांचे फोटो भरायला लागलात की फरक कळेल. तिसराच घ्या." पैशाचं गणितही तिसऱ्याच्याच बाजूने होतं.

राहिलं वजन. अकराशे ग्रॅमचा फरक खांद्याला किती कळतो? मी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "स्वल्प जास्त, सार." केतकी म्हणाली, "काहीच नाही हो." आता तुम्हीच सांगा, "स्वल्प" आणि "काहीच नाही" ही काय मापं झाली?

मला खरंच उत्सुकता होती. लॅपटॉप न घेता लॅपटॉपचं वजन रोज वाहून पाहायचं, तर कसं? विटा नेल्या तर पिशवी फाटेल. पुस्तकं नेमक्या वजनाची मिळत नाहीत. हव्या तितक्या ग्रॅमची आणि हव्या त्या आकाराची वस्तू घरात एकच होती. तूरडाळ.

रविवारी सुलभा, म्हणजे आमची मंडळी, देवळात गेल्यावर मी उशीचा एक जुना अभ्रा घेतला. लॅपटॉपच्या लांबीरुंदीचा कापून शिवला. डाळ एका कोपऱ्यात गोळा होऊ नये म्हणून मधून गोधडीसारखे टाके घातले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. सुलभाला सांगितलं नाही, कारण मागे मिक्सर घेताना मी तीन महिने तुलना करत होतो आणि ती तीन महिने पाट्यावर वाटत होती. तो विषय आमच्याकडे अजून ताजा आहे.

सोमवारपासून प्रयोग सुरू. पाठीवरच्या पिशवीत, अगदी आतल्या कप्प्यात, पाठीला चिकटून डाळ. कंपनीच्या बसने जायचं, यायचं आणि खांद्याची हकिगत डायरीत लिहायची. पहिले दोन दिवस हलकं वजन, बुधवारपासून भरीव.

आता तुम्ही म्हणाल, यात घोटाळा कुठे झाला? तर त्याच आठवड्यात आमच्या कँटीनचं सांबार पातळ झालं. इतकं पातळ की ताटाचा तळ दिसायचा. कामगार कुरकुरले. आचारी म्हणाला डाळच कमी आहे. ही बातमी फाटकापर्यंत पोचली आणि मला याचा पत्ताच नाही.

सकाळी बसमधून सगळे एकदम उतरतात, तेव्हा पिशव्या कोणी पाहत नाही. संध्याकाळी मात्र पाहतात, एरवी वरवर, पण डाळीच्या बातमीनंतर पार आतल्या कप्प्यापर्यंत. गुरुवारी रखवालदार हनुमंतप्पाने माझ्या पिशवीत हात घातला आणि तो तसाच थांबला. मग त्याने हळूच तो चपटा, टाके घातलेला अभ्रा बाहेर काढला, दाबून पाहिला, हुंगला.

"सार, हे काय आहे?"

"लॅपटॉप," मी म्हणालो.

खरं सांगतो, चार दिवस मनात तेच होतं, तेच तोंडातून आलं. हनुमंतप्पाने एक टाका उसवला. चार दाणे तळहातावर घेतले. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मागे रांगेत उभा असलेला अख्खा तपासणी विभागही पाहत होता.

त्याने मला प्रशासन अधिकारी नागराज सरांच्या खोलीत नेलं. अकरा वर्षांची नोकरी, कधी लाल शेरा नाही, आणि टेबलावर उसवलेला अभ्रा! मी सगळं समजावून सांगितलं. सांगताना मलाच ते खोटं वाटत होतं. शेवटी म्हटलं, माझ्याकडे लेखी पुरावा आहे, आणि डायरी काढली. ती मराठीत. नागराज सर म्हणाले, "वाचा आणि कन्नडमध्ये सांगा."

मी वाचलं. डायरीतली ओळ गाळायची मला सवय नाही.

"मंगळवार. एक किलो दोनशे. फाटकातून नेताना काहीच जाणवलं नाही. उद्या वजन वाढवून पाहावं. बुधवार. दोन किलो तीनशे. जड आहे, पण जमेल. रोज नेता येईल असं वाटतं. आज सांबार फारच पातळ."

हनुमंतप्पाने दार लोटून घेतलं.

"घरी फोन लावा," नागराज सर म्हणाले. मी लावला, त्यांनी आवाज मोठा केला आणि सुलभाला विचारलं, घरात डाळ किती आहे?

"सोमवारपासून डबा अर्धा झालाय," सुलभा कन्नडमध्ये म्हणाली. "मी उंदीर समजून सापळा लावलाय. का, सापडला का?"

"सापडला," नागराज सर म्हणाले. "पाठवतो घरी."

मग ते इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. तेवढ्यात कँटीनमधून निरोप आला की डाळीची गाडी उशिरा पोचली, चोरीबिरी काही नव्हती. मी सुटलो. अभ्रा उचलून निघालो, तर ते म्हणाले, "देसाई सार, एक विचारतो. लॅपटॉप घेतलात, तरी तो आत आणणार कसा?"

"खांद्यावरून. जमतं. नोंद आहे."

त्यांनी मला हाताला धरून फाटकाशी नेलं. तिथे हातभर मोठी पाटी आहे: खाजगी लॅपटॉप आत आणण्यास सक्त मनाई.

ती पाटी मला नवी नव्हती. लावली तेव्हा ती तिरकी वाटते अशी तक्रार मीच केली होती. पाणसळ लावून अर्ध्या मिलिमीटरचा फरक मीच शोधला होता आणि शिडीवर चढून तो मीच काढला होता.

डाळ त्याच संध्याकाळी डब्यात परत गेली. लॅपटॉप तिसराच घेतला. तो जेवणाच्या टेबलावर असतो, आणलेल्या दिवसापासून जागचा हललेला नाही. कारखान्यात मी अजून पेननेच लिहितो. त्या गुरुवारची नोंद फक्त एका ओळीची आहे:

"फाटकावरची पाटी अजून सरळ आहे. आज वाचली."